खेळण्यातला बाण आणि नफ्याचा नेम

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ व आसपासच्या जिल्ह्यांत, शंभराहून अधिक जण, आणि त्यांत मोठ्या संख्येने मुले, डोळ्यांना गंभीर इजा होऊन रुग्णालयांत दाखल झाली. काहींची दृष्टी कायमची गेली. ज्या वस्तूने हा अनर्थ केला ती ‘कार्बाइड गन’ या नावाने दीडशे-दोनशे रुपयांना रस्त्यावर उघड विकली जात होती. प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, गॅस पेटवण्याचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाइडचे खडे एवढीच तिची सामग्री. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगीने तो पेटतो आणि मोठा आवाज होतो. आवाज झाला नाही, तर काय बिघडले हे पाहण्यासाठी मूल नळीत डोकावते. आणि अनेकदा त्याच क्षणी आतला वायू भडकतो.

यानंतर जे घडले ते नेहमीच्या शिरस्त्यानेच घडले. विक्रीवर बंदी आली, काही विक्रेत्यांना अटक झाली, आणि पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे असा उपदेश चहूबाजूंनी सुरू झाला. जणू काही पाच-सहा वर्षांच्या मुलाने नळीत डोकावणे हाच अपराध होता! वस्तुतः बंद पडलेल्या यंत्रात डोकावून पाहणे ही बालबुद्धीची स्वाभाविक, किंबहुना निरोगी प्रवृत्ती आहे. ज्या वस्तूत ही प्रवृत्ती गृहीत धरलेली नाही, ती वस्तू मुलाच्या हाती देण्याच्या योग्यतेचीच नाही. दोष वस्तूच्या घडणीत होता. शिक्षा मात्र मुलाच्या डोळ्याला झाली आणि बोल आईच्या दुर्लक्षाला लागला.

भोपाळची ती नळी गोळी झाडणारी नव्हती, आवाज करणारी होती. परंतु तिने जो प्रश्न उभा केला आहे तो मुलांच्या हातातील सर्वच उडवण्या-झाडण्याच्या खेळण्यांना लागू पडतो. धनुष्यबाण, स्प्रिंगची बंदूक, प्लास्टिकच्या छऱ्यांचे पिस्तूल, रबरी टोकाचा बाण, गलोल ही सारी खेळणी सुरक्षित असावीत याची जबाबदारी कोणाची? खेळणाऱ्याची, त्याच्या पालकाची, की ते खेळणे घडवणाऱ्याची आणि विकणाऱ्याची? या प्रश्नाचे उत्तर आज बाजार आपल्या सोयीने देतो. ते लोकांनी तपासून घेणे आवश्यक झाले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नेम धरणे, फेकणे, उडवणे या खेळांत मुळात काही विकृती आहे असे मानण्याचे कारण नाही. विटीदांडू, लगोरी, गोट्या, भोवरा हे सारे नेमाचेच खेळ होत. बस्तरमध्ये जगदलपूरच्या गोंचा उत्सवात ‘तुपकी’ नावाची बांबूची बंदूक घेऊन आबालवृद्ध रस्त्यावर येतात; पोकळ नळीत पेंगूची गोल फळे ठासून दट्ट्याच्या दाबाने ती उडवली जातात. दगड किती लांब जाईल, बाण कोणत्या कोनातून सोडला म्हणजे झाडापर्यंत पोहोचेल, वारा आडवा आला तर नेम किती बाजूला धरावा, याचे पहिले धडे मूल शाळेत जाण्यापूर्वीच या खेळांतून गिरवते. हात आणि डोळा यांची सांगड याच खेळांत बसते. तेव्हा खेळच बंद करा असे म्हणणारे लोक मुलांचे हित पाहत नाहीत. ते केवळ मोठ्यांची सोय पाहतात.

परंतु जुना खेळ म्हणजे निर्धोक खेळ हाही तितकाच मोठा भ्रम आहे. विटीदांडू, धनुष्यबाण आणि गलोल यांनी मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या इजा भारतीय नेत्रवैद्यांनी वर्षानुवर्षे नोंदवून ठेवल्या आहेत. दसऱ्याच्या सुमारास बाजारात येणारे धनुष्यबाण, टोकदार काड्या आणि ताणलेले रबर यांनी कित्येक घरांतील मुलांची एक बाजू कायमची अंधारी केली आहे. ‘आम्हीही लहानपणी हेच खेळ खेळलो, आम्हांला काय झाले?’ असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक गावात भेटतात. ज्यांचा डोळा वाचला तेच हा प्रश्न अशा थाटात विचारू शकतात, एवढेच त्यावर उत्तर आहे.

आता या खेळण्यांतील धोका नेमका कशात असतो हे समजून घेतले पाहिजे. कारण कार्यकर्त्याला ते समजले नाही तर दुकानदाराशी वाद घालताना त्याच्याजवळ केवळ सदिच्छा उरेल.

उडणाऱ्या वस्तूची मारकता तिच्या गतिज ऊर्जेवर अवलंबून असते, आणि ही ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढत असली तरी वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. ‘अधिक लांब जाणारी, अधिक जोरात सुटणारी’ अशी जाहिरात जेव्हा खेळण्याच्या खोक्यावर छापली जाते, तेव्हा तिचा खरा अर्थ हा असतो. ज्या कठीण गोळीला वा बाणाला मऊ टोक नाही, तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी ०.०८ ज्यूल ही मर्यादा पुढे ठेवली. दहा रुपयांचे नाणे मीटरभर उंचीवरून खाली पडताना जमिनीवर जेवढा आघात करते, जवळजवळ तेवढीच ही ऊर्जा. एक ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला १२ ते १३ मीटर वेगाने सुटला की ही मर्यादा संपते. तोच बाण सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा ०.२ ज्यूल, म्हणजे अडीचपट होते.

दुसरी गोष्ट, ही ऊर्जा किती जागेवर पडते. एक ग्रॅमच्या त्या बाणाचे टोक बारा मिलिमीटर व्यासाचे, सपाट आणि मऊ असेल तर आघात सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर पसरतो. ते टोक झिजून वा निघून जाऊन आतली दोन मिलिमीटरची दांडी उघडी पडली, तर तीच ऊर्जा छत्तीसपटीने लहान जागेत घुसते. म्हणूनच मानकांमध्ये कठीण टोकाची गोलाई किमान दोन मिलिमीटर त्रिज्येची असावी, आघाताची ऊर्जा दर चौरस मीटरला ठरावीक आकड्याच्या आत असावी (युरोप व अमेरिकेच्या मानकांत हा आकडा २५०० ज्यूल आहे), आणि मुख्य म्हणजे टोकाचे रबर ओढून, पिळून, आपटून निघता कामा नये अशा अटी घातलेल्या असतात. जत्रेत विकत घेतलेल्या बाणाचे रबर संध्याकाळपर्यंत निघून जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ते रबर म्हणजे त्या बाणाची शोभा असे विकणारा समजतो आणि घेणाराही समजतो. प्रत्यक्षात बाण आणि डोळा यांच्यामध्ये तेवढीच एक भिंत उभी असते.

तिसरी गोष्ट, वस्तूचा आकार. प्रौढ माणसाच्या डोळ्याची खोबणी सुमारे चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. मुलाची त्याहून लहान. गोळी या खोबणीहून मोठी असेल तर आघाताचा बराचसा भाग भोवतालचे हाड सोसते. लहान असेल तर ती हाडांच्या कड्यातून थेट बुबुळावर जाते. हरभऱ्याएवढा प्लास्टिकचा छरा आणि मुठीएवढा स्पंजाचा चेंडू यांच्यातील फरक हा असा शरीररचनेशी निगडित आहे. आणि लहान गोळीचा धोका डोळ्यापुरताच थांबत नाही. ती तोंडात जाते आणि तेथून श्वासनलिकेत.

चौथी गोष्ट, खेळणे दुसरे काय उडवू शकते. ज्या बंदुकीच्या नळीत पेन्सिल, खिळा किंवा खडा बसतो, ती बंदूक दोन दिवसांत पेन्सिल, खिळे आणि खडे उडवू लागते, हे सांगायला बालमानसशास्त्रज्ञ नको. म्हणून नळीचे तोंड आणि गोळीचा आकार एकमेकांशी असे जुळवायचे, की दुसरी वस्तू आत राहू नये. स्प्रिंगच्या बंदुकीतील जोर कारखान्यात ठरतो. धनुष्यातील जोर मात्र ओढणाऱ्या हाताने ठरतो. म्हणून धनुष्याला ओढण्याची हद्द घालणारा अडसर असला पाहिजे आणि दोरी एका मर्यादेपलीकडे ताणता येऊ नये.

या चारही गोष्टींत गूढ असे काही नाही. त्यांसाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, की अवाढव्य भांडवल लागत नाही. कमजोर स्प्रिंग, रुंद मऊ टोक, पक्का चिकटवलेला रबर, मोठी हलकी गोळी, बेताचा अडसर. सुरक्षित खेळणे म्हणजे एवढेच. मग ते प्रत्येक मुलाच्या हाती का पोहोचत नाही?

याचे उत्तर इतर देशांच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथे हा संघर्ष नोंदवला गेला आहे. अमेरिकेत १९७८ साली ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दूरदर्शन मालिकेवर आधारित अवकाशयानांची खेळणी बाजारात आली. स्प्रिंगच्या जोराने ती इवलीशी प्लास्टिकची क्षेपणास्त्रे उडवीत. त्यातील एक क्षेपणास्त्र तोंडात उडून घशात अडकल्याने चार वर्षांचा एक मुलगा दगावला. त्यानंतर, जानेवारी १९७९ मध्ये, खेळणी परत मागवण्यात आली आणि पुढे तीच क्षेपणास्त्रे यानाला कायमची जोडून विकली जाऊ लागली. त्याच वर्षी त्या देशाने लहान भागांविषयीचा नियम जाहीर केला, जो १ जानेवारी १९८० पासून अमलात आला. ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे घ्यायचे; खेळण्याचा जो भाग त्यात पूर्ण मावेल तो तीन वर्षांखालील मुलासाठी निषिद्ध. एवढी साधी कसोटी! ती शोधायला कोणतीही प्रतिभा लागली नसती. तिच्यासाठी मुलांचे जीव मात्र जावे लागले.

घराच्या अंगणात फेकण्याच्या वजनदार धातूच्या बाणांची कथा याहून बोधप्रद आहे. हे बाण मुलांसाठी धोक्याचे आहेत हे अमेरिकन शासनाला १९७० सालीच कळले होते. पण उत्पादकांशी तडजोड झाली: बाणांवर सावधानतेची सूचना छापावी, ते खेळण्यांच्या दुकानात ठेवू नयेत, प्रौढांना विकावेत. या तडजोडीचे पुढे काय झाले? आठ वर्षांच्या काळात सुमारे ६,१०० जणांना या बाणांमुळे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले, आणि त्यांत शेकडा ८१ जण पंधरा वर्षांचे वा त्याहून लहान होते. १९८७ साली कॅलिफोर्नियात सात वर्षांची एक मुलगी या बाणाने मेली. तिच्या वडिलांनी कार्यालयांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे डिसेंबर १९८८ मध्ये संपूर्ण बंदी आली. कॅनडाने १९८९ मध्ये तिचे अनुकरण केले. सूचनेच्या चिठ्ठीने अठरा वर्षांत जे साधले नाही ते बंदीच्या एका ओळीने साधले. खोक्यावर छापलेली सावधगिरीची सूचना मुलाला वाचवण्यासाठी असते असे वाटते खरे. पण अपघात झाल्यावर ती उत्पादकाच्या वकिलाच्याच अधिक उपयोगी पडते.

आणि २०१० साली, म्हणजे इतके सारे नियम होऊन गेल्यावर, त्याच देशात रबरी वाटीच्या बाणांचे स्वस्त संच मागे घ्यावे लागले. मुलांनी ते मऊ बाण चघळले, ते घशात ओढले गेले आणि जीव गुदमरून मुले दगावली. मागे घेतलेल्या संचांची संख्या सुमारे १८ लाख होती आणि ते स्वस्त मालाच्या दुकानांतून विकले गेले होते. गरिबाच्या मुलाचे खेळणे तपासणीच्या चाळणीतून सर्वात शेवटी जाते, हा नियम श्रीमंत देशातही मोडत नाही.

याचा अर्थ चांगली रचना अशक्य आहे असा नव्हे. १९७० च्या सुमारास अमेरिकेत ‘नर्फ’ नावाचा स्पंजाचा चेंडू आला. घरात फेकला तरी काही फुटत नाही, ही त्याची कल्पना. पुढे त्याच स्पंजाच्या गोळ्या आणि बाण झाले. कठीण वस्तूऐवजी मऊ वस्तू उडवणे ही खेळण्यांच्या इतिहासातील एक चांगली सुधारणा होय. परंतु बाजाराने तिलाही आपल्या वळणावर नेले. मऊ बाण आला म्हणताच बंदुकीचा जोर वाढवण्याची स्पर्धा लागली. २०१७ साली लंडनच्या नेत्रवैद्यांनी अशा स्पंजाच्या बाणांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि संरक्षक चष्म्याची गरज पुढे मांडली. मूळ कंपनीच्या बाणांहून कठीण टोकाचे, नकली, स्वस्त बाण बाजारात मिळतात याकडेही त्यांनी लक्ष वेधले. सुरक्षितता ही एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही, ती दरवर्षी नव्याने मोजावी लागते, असे या अनुभवाने शिकवले आहे.

आता या देशाकडे वळावे. केंद्र शासनाने २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. आय. एस. ९८७३ या मानकाच्या पहिल्या भागात टोके, कडा, लहान भाग आणि उडणाऱ्या वस्तू यांच्या कसोट्या दिलेल्या आहेत. हा आदेश स्वागतार्हच आहे. ऐच्छिक मानक हे कारखानदाराच्या सद्सद्विवेकावर सोडलेले मानक असते, आणि नफ्याच्या हिशेबात सद्सद्विवेकासाठी स्वतंत्र रकाना नसतो.

परंतु आदेश राजपत्रात छापला म्हणजे तो जत्रेतल्या पालापर्यंत पोहोचला असे होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने महिनाभराच्या कारवाईत १८,६०० खेळणी चिन्ह नसल्याने जप्त केली, आणि ती देखील मोठमोठ्या मॉलमधील व विमानतळांवरील नामांकित दुकानांतून. जेथे झगझगीत दिवे आहेत, पावती मिळते आणि तक्रार करता येते, तेथे ही अवस्था. मग आठवड्याच्या बाजारात, यात्रेत, शाळेच्या फाटकाबाहेरच्या हातगाडीवर काय चित्र असेल हे वेगळे सांगायला नको. आज प्रत्यक्षात खेळण्यांचे दोन बाजार आहेत. एकात चिन्ह असलेले, तपासलेले, महाग खेळणे मिळते. दुसऱ्यात वीस-तीस रुपयांचे, कोणी घडवले याचा पत्ता नसलेले खेळणे मिळते. मुलाच्या डोळ्याची किंमत दोन्ही बाजारांत सारखीच असते. तिच्या रक्षणाची तरतूद मात्र बापाच्या खिशावरून ठरते.

येथे एक आक्षेप पुढे येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सक्ती वाढली की मोठा कारखाना तरतो आणि लहान कारागीर मरतो, असे म्हटले जाते. परवाना, चाचण्या, स्वतःची प्रयोगशाळा हा खर्च ज्याच्या गुदामात लाखोंचा माल आहे त्याला जड नाही. घराच्या पडवीत बसून महिन्याला शे-दोनशे धनुष्ये बनवणाऱ्याला तो परवडणारच नाही. शासनाने हे ओळखून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून वगळले. सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची परंपरा टिकावी ही इच्छा रास्तच आहे. परंतु सूट देणे आणि साहाय्य देणे यांत अंतर आहे. सूट दिल्याने कारागिराचा खर्च वाचतो, पण त्याच्या बाणाचे टोक गोल होत नाही. त्याला गरज आहे ती मोफत चाचणीची, योग्य साच्याची, न निघणाऱ्या रबराची आणि बिनविषारी रंगाची. हे सारे त्याला सार्वजनिक खर्चाने मिळाले पाहिजे. लहान उत्पादकाचे संरक्षण मुलाच्या डोळ्याच्या मोबदल्यात करणे हा न्याय नव्हे, आणि मुलाच्या डोळ्याच्या नावाखाली लहान उत्पादकाला बाजारातून हुसकावणे हाही न्याय नव्हे.

‘सुरक्षितता महाग पडते’ हा युक्तिवाद मात्र मोठ्या उत्पादकांच्या तोंडी आला की तो ऐकून घेण्याचे कारण नाही. याच युक्तिवादाने खेळणी बनवणाऱ्या हातांचाही बळी घेतला आहे. १० मे १९९३ रोजी थायलंडमध्ये, बँकॉकजवळच्या केडर खेळणी कारखान्याला आग लागून १८८ कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमधील शेन्झेन येथे एका खेळण्यांच्या कारखान्याच्या आगीत ८७ कामगार गेले. परदेशांतील सुखवस्तू मुलांसाठी मऊ बाहुल्या शिवणाऱ्या या मुलींना बाहेर पडायला पुरेसे मार्ग नव्हते. बाणाच्या टोकावरचे रबर वाचवणारा हिशेब आणि कारखान्याचा जिना वाचवणारा हिशेब एकाच वहीत लिहिलेला असतो. म्हणून सुरक्षित खेळण्याची मागणी ही त्या खेळण्याच्या कामगाराच्या सुरक्षिततेपासून वेगळी काढता येत नाही.

दुसऱ्या टोकाला, युद्धाची आठवण देणारी सर्वच खेळणी बंद करावीत असे मानणारा एक विचार आहे. स्वीडनमध्ये १९७९ साली शासन आणि खेळण्यांचे व्यापारी यांच्यात आधुनिक युद्धाची खेळणी न विकण्याविषयी समझोता झाला होता. मुलांच्या मनावर बंदुकीचा काय संस्कार होतो हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु ती चर्चा संपेपर्यंत डोळ्यांचा प्रश्न लांबणीवर टाकता येणार नाही. टोकदार बाण राम-लक्ष्मणाच्या नावाने विकला काय किंवा सैनिकाच्या चित्राने विकला काय, त्याची जखम तीच असते.

या देशात चांगल्या रचनेची परंपरा नाही असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी देशभरातील लोकखेळणी गोळा करून, ती कशी चालतात आणि कशी बनवावीत हे रेखाटून ठेवले. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुण्यात बसून आगकाड्या, रद्दी कागद, सायकलच्या नळ्या यांतून शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. रद्दीच्या एका पट्टीला दोन खाचा पाडून अडकवलेला कागदी मासा उंचावरून सोडला की गिरक्या घेत खाली येतो. उडण्याचा सारा आनंद त्यात आहे आणि त्याच्या आघाताने कोणाचे केसही विस्कटत नाहीत. स्वस्त असणे आणि धोक्याचे असणे यांचा काहीही अनिवार्य संबंध नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

मग मागणी कोणती करायची? पहिली ही, की प्रत्येक जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात खेळण्यांच्या चाचणीची सार्वजनिक सोय असावी. बाणाचा वेग मोजणे, टोक ओढून पाहणे, नळकांड्यात भाग मावतो का ते पाहणे यासाठी राजधानीत जाण्याची गरज नाही. लहान उत्पादकांकडून या चाचणीचे शुल्क घेऊ नये. त्यांच्या सहकारी संस्थांना साचे आणि कच्चा माल पुरवावा. दुसरी, शासकीय रुग्णालयांत येणाऱ्या मुलांच्या प्रत्येक इजेची नोंद करताना ती कोणत्या खेळण्याने झाली हे लिहिले जावे आणि त्या नोंदी दरवर्षी प्रसिद्ध व्हाव्यात. अमेरिकेत अंगणातील बाणांवर बंदी येऊ शकली, कारण तेथे ६,१०० हा आकडा कोणीतरी मोजून ठेवला होता. जेथे मोजणी नाही तेथे प्रत्येक जखमी मूल एकटे असते आणि त्याची जखम हा त्याच्या घरचा दुर्दैवी प्रसंग ठरतो. तिसरी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा अधिकार दिला आहे आणि सदोष वस्तूसाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूदही केली आहे. हा अधिकार सणांपूर्वी वापरला जावा. दिवाळी आणि दसरा पंचांगात आधीच छापलेले असतात. धोक्याची वस्तू बाजारात कधी येणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

हे सारे शासन आपण होऊन करील असे मानणे भाबडेपणाचे होईल. येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते, आणि ते मोठ्या मोर्चाने सुरू होण्याची आवश्यकता नाही. गावच्या यात्रेपूर्वी ग्रामपंचायतीत ठराव करून घेता येतो, की कार्बाइडच्या नळ्या, धातूच्या टोकाचे बाण आणि कठीण छऱ्यांची पिस्तुले पालांवर मांडू दिली जाणार नाहीत. फेरीवाल्याचा माल लुटवून देण्यात पुरुषार्थ नाही. तो स्वतः पोटासाठी विकतो आणि माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून येतो हे त्यालाच विश्वासात घेऊन विचारता येते. कारवाईचा रोख त्या व्यापाऱ्याकडे आणि त्याच्यामागच्या उत्पादकाकडे वळवला पाहिजे. महिला मंडळांत आणि पालकसभांत एक बाण हातात घेऊन त्याचे रबर ओढून दाखवले, तर छापील पत्रकाहून तो पाठ अधिक काळ लक्षात राहतो. मुलाच्या डोळ्याला मार लागल्यास तो चोळू नये, दाबू नये, त्यात घरगुती औषध घालू नये आणि विनाविलंब नेत्रवैद्याकडे न्यावे. रसायन वा चुना उडाला असेल तर मात्र आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे, हे प्रत्येक घरी सांगणे हेही राजकीय कामच आहे.

काहींना हा विषय क्षुल्लक वाटेल. महागाई, बेकारी, जमिनीचे प्रश्न समोर असताना खेळण्यातल्या बाणाच्या टोकाचा विचार कशाला, असे ते म्हणतील. परंतु समाजवाद्यांनी कारखान्याच्या यंत्राला जाळी बसवण्यासाठी लढे दिले, तेव्हाही ‘कामगाराने बोटे सांभाळावीत’ असेच मालक म्हणत होते. यंत्राला जाळी बसली, तेव्हा कुठे कामगारांची बोटे वाचू लागली. आज तोच युक्तिवाद पाच वर्षांच्या मुलाला ऐकवला जात आहे. यंत्रापुढे उभा राहिलेला कामगार निदान संघटना बांधू शकत होता, संप करू शकत होता. नळीत डोकावणारे मूल यांतले काहीच करू शकत नाही. त्याच्या वतीने नियम मागणे, तो अमलात आणवणे आणि निर्धोक खेळणे गरिबांतल्या गरिबाच्या दारी पोहोचवणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. पुढच्या दिवाळीपूर्वी ते पार पाडायचे, की पुन्हा रुग्णालयाच्या दाराशी पालकांना उपदेश करीत उभे राहायचे, याचा निर्णय आतापासूनच झाला पाहिजे.